वाचकाला वाचक कसा भेटतो

वाङ्मयाचे इतिहास आपल्या भाषेत पुष्कळ झाले. कोणता ग्रंथ कोणी रचला, कोणत्या साली तो छापून निघाला, याची नोंद विद्वानांनी कसोशीने ठेवली आहे. शं. ग. दाते यांनी तर इ.स. १८०० पासूनच्या छापील मराठी ग्रंथांची सूची करण्यात आयुष्यातील कितीतरी वर्षे वेचली. परंतु हे ग्रंथ वाचले कोणी, आणि जो ग्रंथ एकाने वाचला तोच दुसऱ्यानेही वाचला आहे हे त्या दोघांना एकमेकांविषयी कळले कसे, हा विषय या इतिहासांत सहसा येत नाही. तोच आज आम्ही घेणार आहोत. आमचा अधिकार विद्वत्तेचा नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत, द्वारसभांत व वाचनालयाच्या बाकांवर अधिक झाले. मात्र माणसांना माणसे जोडणे हा आमचा रोजचा धंदा असल्यामुळे, पुस्तकाच्या निमित्ताने माणसे कशी जोडली जातात याकडे आमचे लक्ष आपोआप जाते.

हा प्रश्न आजच काढण्याचे कारण आहे. आपापल्या घरच्या पुस्तकांची यादी संगणकावर किंवा हातातल्या फोनवर नोंदवावी, आणि मग त्या स्थळाने आपल्याला सांगावे की तुमच्यासारखीच आवड असलेली ही माणसे जगात इथे इथे आहेत, अशी सोय गेली वीस वर्षे झाली आहे. सदरमधला एखादा तरुण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पाहतो की आपण वाचलेली चाळीस पुस्तके पोर्तुगालमधल्या कोणीतरी वाचली आहेत. त्याला त्यात जादू वाटते. ती जादू नव्हे. तिच्यामागे दीडशे-दोनशे वर्षांची खटपट आहे, आणि त्या खटपटीत एक भांडणही आहे. वाचकांची नोंदवही कोणाच्या ताब्यात असावी, हे ते भांडण.

आपल्याकडील छापील पुस्तकांची सार्वजनिक वाचनालये एकोणिसाव्या शतकातील. रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. पुढे १८९३ साली ठाण्यात आणि १८९८ साली मुंबईत खास मराठी ग्रंथांची संग्रहालये निघाली. या संस्थांनी मराठी वाचक घडविला, हे ऋण कोणी नाकारणार नाही. वाचनालयात वाचकाला वाचक भेटे तो वर्तमानपत्रांच्या टेबलाशी. 'हे पुस्तक तुमचे झाले की आम्हांला द्या' एवढ्या बोलण्यावरून ओळखी होत आणि त्या ओळखींतून मंडळ्या निघत. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तीही याच जातीची गोष्ट. एक विषय ऐकायला जमलेली माणसे उठताना एकमेकांना ओळखू लागतात. परंतु त्या टेबलाशी बसायला वर्गणी लागे, अक्षर लागे, फुरसत लागे, आणि पुष्कळ ठिकाणी जातही लागे. ज्याला दाराच्या आत येता येत नव्हते त्याची आवड कोणाशी जुळते हा प्रश्नच निघत नव्हता.

तो प्रश्न काढला आपल्याच भागातील माणसांनी. मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी नागपुरात १९०७ साली चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. पुढे १९१० साली स्वतःचा छापखाना घातला आणि 'मजूर पत्रिका' चालविली. त्यांच्या प्रेरणेने कामठीचे बाबू हरदास यांनी १९२७ च्या सुमारास रात्रीच्या शाळा काढल्या आणि संत चोखामेळ्याच्या नावाने वाचनालय उघडले. विडी कामगारांची संघटना बांधणारे हेच हरदास १९३७ साली विधिमंडळावर निवडून गेले आणि १९३९ च्या जानेवारीत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, वारले. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की शाळा, वाचनालय आणि संघटना ही तीन कामे त्यांनी एकाच हाताने केली. एकाच तऱ्हेचे पुस्तक हाती घेणारी माणसे एका ठिकाणी आली की ती पुढे एकाच मागणीवरही उभी राहतात, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

असेच काहीसे सातासमुद्रांपलीकडे क्यूबा बेटावर घडले होते. हवाना शहरातील सिगारच्या कारखान्यात १८६५ साली अशी प्रथा पडली की कामगार हाताने तंबाखू वळीत आणि एक वाचक उंच आसनावर बसून त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत, आणि पुढचे पुस्तक कोणते हे आपसांत ठरवीत. दुसऱ्याच वर्षी, १८६६ मध्ये, तिथल्या सरकारने ही प्रथा बंद केली. पुढे ती पुन्हा सुरू झाली. केरळात कण्णूरकडच्या विडी कामगारांतही वर्तमानपत्र वाचून दाखविण्याची पद्धत रुजली. एकत्र बसून पुस्तक निवडणाऱ्या कामगारांची सरकारला भीती का वाटावी, हे श्रोत्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

आता ग्रंथांकडे वळू. वाचक वाढले, ग्रंथ वाढले, तेव्हा ग्रंथाशेजारी कोणता ग्रंथ ठेवावा हा प्रश्न आला. अमेरिकेत मेलविल ड्यूई यांनी १८७६ साली सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडून प्रत्येकाला आकडे दिले. या मांडणीत मजूर व मजुरी यांचा क्रमांक ३३१. एकदा हा क्रमांक ठाऊक झाला की तुम्ही सदरमध्ये असा की शिकागोमध्ये, मजुरीवरचे पुस्तक त्याच जागी मिळते. परंतु मांडणी करणारा जिथे उभा असतो तेथूनच तो मोजतो. धर्माच्या विभागात बहुतेक सगळी जागा ख्रिस्ती धर्माला गेली, आणि उरलेले सारे धर्म २९० च्या खोलीत बसले. बौद्ध धर्माला २९४.३ हा पत्ता मिळाला. इंग्रजी वाङ्मयाला ८२० चे ऐसपैस घर, आणि आपल्या मराठीला ८९१.४६, म्हणजे दशांशचिन्हाच्या पलीकडे एक खण. दीक्षाभूमीच्या या शहरातील वाचकाने हे आकडे एकदा ध्यानात घ्यावेत. मांडणी निर्विकार दिसते, पण ती कधीच तशी नसते.

आपल्याकडे या शास्त्राला पाया घातला तो सयाजीराव महाराजांनी. त्यांनी १९१० साली बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यास आणला, संस्थानभर मोफत ग्रंथालये काढली, आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगाव फिरविली. त्यानंतर मद्रासचे रंगनाथन आले. हे मूळचे गणिताचे शिक्षक. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतले दुसरे सूत्र वाचकाच्या बाजूने बोलते आणि तिसरे ग्रंथाच्या बाजूने. दोघांची गाठ घालून देणे हे ग्रंथपालाचे काम. विचार इतका उदार की आम्ही तो आमच्या सभांत कितीदा तरी सांगितला आहे. तरीही त्या पाच सूत्रांत वाचकाची वाचकाशी गाठ घालण्याचे सूत्र नाही. ते काम चांगला ग्रंथपाल तोंडी करी. 'तुम्ही हे वाचता ना, मग त्या अमक्यांना भेटा' असे तो म्हणे.

तोंडी का? तर लेखी ठेवण्यात धोका होता. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या पद्धती पाहा. जुन्या खातेवहीत प्रत्येक सभासदाच्या नावाचे पान असे. त्यावर त्याने नेलेले प्रत्येक पुस्तक वर्षानुवर्षे लिहिलेले राही. १८९५ साली नीना ब्राऊन या ग्रंथपाल बाईंनी दुसरी रीत मांडली, आणि ती पुढे आपल्याकडील पुष्कळ ग्रंथालयांनी घेतली. पुस्तकात एक कार्ड असते. वाचकाजवळ खिशाच्या आकाराचे तिकीट असते. पुस्तक नेताना कार्ड तिकिटात घालून ट्रेमध्ये तारखेप्रमाणे लावतात. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात जाते, तिकीट वाचकाच्या हातात जाते. कोणी काय वाचले याची खूण मागे राहत नाही. खातेवही आठवण ठेवते आणि ब्राऊनची पद्धत विसरते. वाचकांच्या आवडी जुळवायच्या तर आठवण ठेवणे भाग आहे, आणि वाचकाचे रक्षण करायचे तर विसरणे भाग आहे. आमच्या साऱ्या विषयाचा गाभा एवढाच आहे.

युनियनच्या कचेरीत आम्ही एक कपाट चालवितो. पुस्तके तीनशेच्या आसपास, त्यांतली निम्मी देणगीची. नोंदीसाठी साधी वही. एकदा ती चाळताना आमच्या ध्यानात आले की मोटार दुरुस्तीच्या कामावरचा एक सभासद आणि इस्पितळात काम करणारी एक सभासद बाई, दोघेही तीच पुस्तके पुढेमागे नेत आहेत. एकमेकांना ते ओळखतही नव्हते. आम्ही दोघांना एका रविवारी चहाला बोलाविले. त्यातून पुढे वाचकांचे मंडळ निघाले आणि ते छावणीकडच्या एका खोलीत चार वर्षे चालले. पण त्याच वहीची दुसरीही गोष्ट आहे. एका कारखान्यात तंटा चालू असताना व्यवस्थापनाच्या माणसाने गोड बोलून आम्हांला विचारले की तुमच्याकडून पुस्तके कोण कोण नेतात ते जरा कळेल काय. आम्ही वही कुलपात ठेवली आणि त्याला चहा पाजून वाटेला लावले. ज्या वहीने दोन माणसे जोडली तीच वही दोन माणसांची भाकरी काढू शकली असती.

ही भीती काल्पनिक नाही. कामगार चळवळीच्या इतिहासात तिला साल आणि ठिकाण आहे. २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड झाली आणि मीरतेस खटला उभा राहिला. मुंबईच्या गिरणी कामगारांचे डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर, घाटे हे त्यातले आरोपी. सरकार पक्षाने पुराव्यात काय आणले? पत्रे आणली, पत्रके आणली, पुस्तके आणली. कोणाकडे कोणते पुस्तक सापडले आणि तेच पुस्तक दुसऱ्या कोणाकडे होते, यावरून कटाचा धागा विणण्याचा प्रयत्न झाला. १९३३ साली शिक्षा झाल्या. समान आवडीची माणसे शोधून काढण्याचे काम सरकारी वकिलांनी संगणकाच्या कितीतरी आधी केले होते.

आता यंत्राकडे येऊ. १९७९ साली एलेन रिच या अमेरिकन बाईंनी 'ग्रंडी' नावाची संगणकाची योजना प्रसिद्ध केली. ती वाचकाला म्हणे, स्वतःचे वर्णन दोनचार शब्दांत करा. त्या शब्दांवरून ती वाचकाला एका साच्यात बसवी आणि त्या साच्याला शोभेल अशी कादंबरी सुचवी. कादंबरी नापसंत पडली तर ती का, हे विचारून साचा दुरुस्त करी. प्रयत्न बुद्धीचा होता, परंतु साच्याची गोम आपल्याला चांगली ठाऊक आहे. गिरणी कामगार म्हटला की त्याला अमुक, बाई म्हटली की तिला तमुक, अशी वाटणी आपला समाज संगणकाशिवाय करीत आलाच आहे.

यानंतर जे बदलले ते मोठे आहे. १९९२ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी, आणि १९९४ साली 'ग्रुपलेन्स' या योजनेच्या कर्त्यांनी, 'तुम्ही कोण' हा प्रश्नच सोडून दिला. त्यांनी विचारले, 'तुमचे कोणाशी जमते?' समजा, एक वाचक उदार आहे. तो तीन पुस्तकांना पाच, चार, पाच असे गुण देतो. दुसरा कंजूष आहे. तो त्याच पुस्तकांना तीन, दोन, तीन देतो. वरवर पाहता दोघांचे मत निराळे. परंतु एकाचे जिथे चढते तिथे दुसऱ्याचेही चढते आणि एकाचे उतरते तिथे दुसऱ्याचे उतरते. गणिताच्या दृष्टीने दोघांची आवड पूर्ण जुळली. येथे कोणी जात विचारली नाही, धंदा विचारला नाही, वय विचारले नाही. जन्माने मिळालेले काहीच मोजले गेले नाही. स्वतः निवडले तेवढेच मोजले गेले. आम्हांला या रीतीत एक लोकशाहीचा अंश दिसतो, आणि तो मान्य केलाच पाहिजे.

याच पायावर ग्रंथयादीची स्थळे उभी राहिली. टिम स्पॉल्डिंग यांनी ऑगस्ट २००५ मध्ये 'लायब्ररीथिंग' उघडले. 'गुडरीड्स' २००७ च्या जानेवारीत लोकांसाठी खुले झाले. यांचे गणित समजण्यास कठीण नाही. दोघांकडे समान पुस्तके किती हे मोजावे. पण नुसते मोजून भागत नाही. एकाजवळ १०० पुस्तके, दुसऱ्याजवळ २००, आणि समान २०. दोघांची मिळून निरनिराळी पुस्तके झाली २८०. वीस भागिले दोनशेऐंशी म्हणजे चौदांत एक. दुसऱ्या जोडीजवळ तीस-तीसच पुस्तके आहेत आणि समान पुन्हा वीसच. मिळून झाली चाळीस. म्हणजे निम्मी आवड जुळली. असा भागाकार केला नाही तर ज्याचे कपाट मोठे त्याचीच जगाशी मैत्री ठरेल. ही भागाकाराची रीत पॉल जक्कार या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने शतकापूर्वी वापरली होती. आल्प्स पर्वताच्या दोन उतारांवर उगवणाऱ्या झाडांत साम्य किती, हे त्याला पाहायचे होते.

दुसरी खुबी दुर्मिळपणाची. 'श्यामची आई' १९३५ पासून मराठी घराघरांत आहे. ती दोघांकडे आहे यावरून दोघे मराठी आहेत यापलीकडे फारसे कळत नाही. परंतु विडी कामगारांवरची एखादी जुनी पुस्तिका, जिची आज मोजकी प्रत उरली असेल, ती दोघांकडे निघाली तर ते दोघे एकमेकांना भेटलेच पाहिजेत. म्हणून चांगले गणित सर्वत्र आढळणाऱ्या पुस्तकाला वजन कमी देते आणि दुर्मिळ पुस्तकाला जास्त देते.

यात मराठी वाचकाची अडचण कोणती तेही सांगितले पाहिजे. ही यंत्रे पुस्तक ओळखतात ते बहुधा त्याच्या क्रमांकावरून. हा आंतरराष्ट्रीय क्रमांक १९७० पासूनचा. त्याआधीच्या साऱ्या मराठी ग्रंथांना तो नाही, आणि नंतरच्याही कितीतरी लहान प्रकाशकांनी तो घेतला नाही. शिवाय एक जण 'साने गुरुजी' लिहितो, दुसरा 'पांडुरंग सदाशिव साने' लिहितो आणि तिसरा रोमन लिपीत लिहितो. यंत्राला हे तीन लेखक वाटतात. मग एकच पुस्तक वाचलेले तीन वाचक एकमेकांना दिसत नाहीत. ही तुटलेली सांधेजोड यंत्र आपण होऊन करीत नाही. 'लायब्ररीथिंग'वर वाचकच आवृत्त्या जुळवितात, नावे एकत्र करतात, चुका दुरुस्त करतात. हे श्रमदान आहे, आणि त्या जुळणीचा पुष्कळसा खरेपणा त्यावर उभा आहे.

येथे कामगार संघटकाच्या मनात जो प्रश्न येतो तो येणारच. श्रम वाचकांचे, मग मालकी कोणाची? २०१३ साली 'गुडरीड्स' ही संस्था ॲमेझॉन कंपनीने विकत घेतली. कोट्यवधी माणसांनी फुकट लिहिलेली मते, दिलेले गुण, लावलेल्या याद्या एका व्यवहारात पुस्तकविक्या कंपनीच्या ताब्यात गेल्या. 'लायब्ररीथिंग'चा बहुतांश हिस्सा संस्थापकाकडे राहिला. त्यातला चाळीस टक्के भाग २००६ साली एका जुन्या पुस्तकांच्या कंपनीने घेतला होता, आणि ती कंपनी पुढे २००८ मध्ये ॲमेझॉननेच घेतली. यात बेकायदा काही झाले असे आमचे म्हणणे नाही. मजुरीशिवाय झालेल्या कामाचा माल कोणाच्या गोदामात गेला, एवढेच आम्ही दाखवीत आहोत.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. २००६ साली नेटफ्लिक्स या चित्रपट दाखविणाऱ्या कंपनीने, जुळणीचे गणित सुधारून देणाऱ्यास दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले आणि सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी दिलेले दहा कोटी गुण नावे काढून जाहीर केले. टेक्सास विद्यापीठातील नारायणन आणि श्मातिकोव्ह या दोघा संशोधकांनी दाखवून दिले की नाव पुसून माणूस पुसला जात नाही. एखाद्याने पाहिलेल्या मोजक्या चित्रपटांची इतरत्र नोंद असेल तर तेवढ्यावरून तो त्या ढिगातून उचलून काढता येतो, आणि चित्रपट जितके कमी प्रसिद्ध तितके ते सोपे. कंपनीची पुढची स्पर्धा २०१० साली रद्द झाली. आता वरच्या दुर्मिळ पुस्तिकेकडे परत पाहा. जी पुस्तिका आपल्याला आपला सोबती मिळवून देते तीच आपल्याला उघडेही पाडते. गणित एकच. फरक इतकाच की वही आपल्या कुलपात आहे की दुसऱ्याच्या.

तेव्हा करावे काय? यंत्र फोडावे असे आम्ही म्हणत नाही. यंत्रावर राग काढून मजुराचे पोट भरत नाही. आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, वाचकाची यादी वाचकाची आहे, तेव्हा ती जशीच्या तशी परत घेऊन जाण्याचा आणि मागे राहिलेली पुसून टाकण्याचा हक्क त्याला असावा. संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा जो कायदा केला त्यात संमतीचे आणि माहिती पुसून घेण्याचे तत्त्व आले आहे. कायदा पुस्तकात राहतो की कामाला येतो, हे मागणाऱ्यांवर अवलंबून आहे. दुसरी, महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्या कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या गावोगावच्या ग्रंथालयांनी आपल्या मराठी ग्रंथांच्या याद्या नीट करून एकमेकांशी जोडाव्यात, आणि वाचकाची नावे त्यात घालू नयेत. पुस्तकाची आठवण राहावी, वाचकाची राहू नये. ज्याला दुसऱ्या वाचकास भेटायचे आहे त्याने आपले नाव आपण होऊन द्यावे. तिसरी मागणी आपली आपल्याशीच आहे. जुळलेली आवड हे ओळखीचे निमित्त आहे, ओळख नव्हे. आपल्यासारखेच वाचणाऱ्याशी आपण दिवसभर बोलत राहिलो तर आपल्याला न पटणारे पुस्तक हाती कधी येणार? आमच्या मंडळातील मोटार दुरुस्तीवाल्याने आणि इस्पितळातील बाईने सहा महिन्यांनी भांडायला सुरुवात केली, तेव्हाच मंडळ खऱ्या अर्थाने सुरू झाले.

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात. दूरदूरच्या खेड्यांतून आलेली माणसे खिशातली नोट मोडून पुस्तक घेतात. एकाच दुकानाशी दोन अनोळखी हात एकाच पुस्तकावर पडतात, दोघे एकमेकांकडे पाहतात, आणि 'कोणत्या गावचे?' असा प्रश्न निघतो. यंत्राला यातला पहिला भाग जमतो. तो जमतो याचा आम्हांला आनंद आहे. पण गावाचे नाव विचारण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.